‘रक्तात सापडलं’ म्हटल्यावर: एका द्राक्षबागायतदाराच्या नैराश्याचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीतलं आहे. रुग्णाची आणि त्यांच्या पत्नीची परवानगी घेऊनच लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आबांचं वय ५६. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात त्यांची अडीच एकर बाग. घरी पत्नी आणि धाकट्या भावाचं कुटुंब, मुलगा पुण्यात आयटी कंपनीत. आबा माळकरी आहेत. विशीत गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांसमच्छी वर्ज्य. दूधही फारसं नाही, चहात पडेल तेवढंच. सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे.

आदल्या नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात असताना चार दिवस अवकाळी पाऊस पडला. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगानं घड गेले. उरलेल्या मालाचा बेदाणा केला, त्याला भाव मिळाला नाही. सोसायटीचं कर्ज थकलं. पण त्या भागात अशी वर्षं सगळ्यांच्याच वाट्याला येतात आणि आबांनी याआधी दोनदा ती निभावली होती. म्हणून घरच्यांना काळजी वाटली नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणीला ते बागेत फिरकले नाहीत, तेव्हाही ‘दमलेत’ एवढंच म्हटलं गेलं. आषाढात दिंडी निघाली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा आबा घरी राहिले. तेव्हा पत्नीला कळलं की हे दमणं नाही.

त्या घरात निदान पहिल्यांदा त्या माउलीनं केलं असं मी मानते, कुठल्याही चाचणीआधी.

रिपोर्ट

पुण्याहून मुलगा आला आणि त्यानं घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका प्रयोगशाळेचं साडेसहा हजारांचं पॅकेज घेतलं. नावात ‘मूड’ आणि ‘स्ट्रेस’ असे शब्द होते. रिपोर्ट अकरा पानांचा आला. त्यातले लाल अक्षरांतले आकडे असे: बी-१२ ११२ पिकोग्रॅम, ‘ड’ जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम, थायरॉइडचं काम दाखवणारं टीएसएच ७.४, शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी ४.१, हिमोग्लोबिन ११.२. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं हार्मोन, मर्यादेच्या वरच्या टोकाला, आणि मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन सेरोटोनिन ‘कमी’.

तो रिपोर्ट पाहून घर आनंदलं. हे मुलानं मला नंतर सांगितलं, सांगताना त्याला थोडी लाज वाटत होती. पण त्या आनंदात वावगं काही नव्हतं. कारण सापडलं होतं, ते रक्तात होतं, डोक्यात नव्हतं. भावकीत सांगता येण्यासारखं होतं. आबा स्वतः चारचौघांत म्हणायला लागले, ‘माझं बी-१२ कमी हाय.’ तीन महिन्यांत त्यांनी स्वतःबद्दल उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

गावच्या डॉक्टरांनी बी-१२ च्या कॅप्सूल दिल्या. महिनाभर काही फरक नाही. मग उलगडलं की आबा त्या घेतच नव्हते. कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात असं कुणीतरी सांगितलं होतं. जिलेटिनच्या कवचाबाबत ते खरंही आहे. घरात वाद नको म्हणून ते कॅप्सूल खिशात ठेवायचे आणि बागेत टाकायचे. मग इंजेक्शनं सुरू झाली. पाच-सहा इंजेक्शनांनंतर पायाच्या मुंग्या कमी झाल्या, जिना चढताना दम लागेना.

पत्नीचे शब्द माझ्या टिपणात तसेच आहेत: ‘अंगात बळ आलंय बघा, पण माणूस काय माघारी आला न्हाई.’

अडचण

ऑगस्टच्या मध्याला ते माझ्याकडे आले तेव्हा प्रश्न दुहेरी होता. आबांना नैराश्य होतं हे पहिल्या दहा मिनिटांत दिसत होतं: पहाटे तीनला जाग, सात किलो वजन उतरलेलं, हरिपाठ बंद, बोलणं संथ, नजर खाली. निदानाचे निकष ठरलेले आहेत. नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, आणि त्यांत उदास मन किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक असलंच पाहिजे. आबांमध्ये ती बघताबघता सात भरली.

दुसरा प्रश्न त्या फाइलचा होता. मुलानं ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘मॅडम, कारण तर सापडलंय. मग सायकॅट्रीची गोळी कशाला?’ प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर मी घाईत दिलं, तिथं पहिली चूक झाली. त्याबद्दल पुढे लिहिते.

फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी जवळपास दोन तृतीयांशांचं बी-१२ कमी निघालं होतं. आबा शाकाहारी, त्यात सहा वर्षं मेटफॉर्मिन, आणि ते औषधही बी-१२ उतरवतं. म्हणजे आबांना नैराश्य नसतं तरी त्यांचं बी-१२ कमीच निघण्याची दाट शक्यता होती. जिथं दर तिघांतल्या दोघांमध्ये एखादी गोष्ट सापडते, तिथं ती या माणसात सापडली म्हणून तीच त्याच्या दुखण्याचं कारण ठरत नाही. मी यावर इतका भर देते, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक घरं इथंच अडकतात. कमतरता खरी असते, ती भरून काढायलाच हवी. ती सोडली तर नसांवर परिणाम होतो, स्मरणशक्ती मंदावते, मनही खालावतं. पण ‘आहे’ आणि ‘त्यामुळेच आहे’ यांत अंतर आहे आणि ते अंतर रिपोर्टात छापलेलं नसतं.

टीएसएच ७.४ होतं, पण फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं प्रत्यक्ष हार्मोन, नॉर्मल. थायरॉइड खरंच बंद पडत असता तर चित्र वेगळं दिसलं असतं: कोरडी त्वचा, थंडी सहन न होणं, वाढतं वजन. आबांचं वजन उतरत होतं. टीएसएच दहाच्या खाली आणि टी-फोर नॉर्मल असताना थायरॉइडची गोळी देऊन उदासी उतरेल अशी आशा धरणं योग्य नव्हतं. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, एवढंच.

सेरोटोनिनच्या आकड्यानं मुलाला सगळ्यात जास्त पटवलं होतं, आणि तोच सगळ्यात निरुपयोगी होता. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, रक्तात ते प्लेटलेट्समध्ये साठतं आणि मेंदूत शिरत नाही. मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती त्याला चटकन कळली: नैराश्यात जी एसएसआरआय गटाची गोळी देतो, ती प्लेटलेट्सना सेरोटोनिन ओढून घेऊ देत नाही. त्यामुळे माणूस बरा होत असताना रक्तातला हाच आकडा आणखी खाली जातो. तो म्हणाला, ‘म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा केली असती तर मी घाबरलो असतो.’ हो, घाबरला असता.

कॉर्टिसॉलवर थोडं जास्त बोलावं लागलं, कारण तो आकडा अगदीच निराधार नाही. रक्तातून नैराश्य ओळखायचा पहिला गंभीर प्रयत्न याच हार्मोनवर झाला. अमेरिकेत बर्नार्ड कॅरोल यांनी १९८१ साली डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चाचणी मांडली. रात्री अकराला एक मिलिग्रॅम गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबतं का ते पाहायचं. तीव्र नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत ते दबत नव्हतं. मनोविकारशास्त्राला अखेर आपली प्रयोगशाळा मिळाली असं तेव्हा वाटलं. पुढे दिसलं की ते स्मृतिभ्रंशात, दारू सुटताना, नुसतं वजन उतरल्यावरही दबत नाही. चाचणी रोजच्या वापरातून गेली. वजन उतरलेल्या, झोप हरवलेल्या आबांचं सकाळचं एक कॉर्टिसॉल मला काय सांगणार होतं?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरच्यांचा होता: बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्व भरून काढू, टीएसएच पुन्हा बघू, दोन महिने थांबू. वरकरणी हे शहाणपणाचं वाटतं, आणि सौम्य उदासी असती तर मीही मान्य केलं असतं. पण सात किलो वजन आणि पहाटेची जाग असलेल्या माणसाला दोन महिने ‘बघू’वर ठेवणं मला परवडणारं नव्हतं.

दुसरा: औषध, समुपदेशन आणि कमतरता भरणं, सगळं एकत्र सुरू करायचं. यात कशानं गुण आला ते नीट कळत नाही. पण ते कळणं ही माझी गरज होती, आबांची नव्हती.

तिसरा पर्याय मुलानं वाचून आणला होता. सीआरपी ४.१ आहे, तर त्यावरून गोळी निवडता येईल का? प्रश्न चांगला होता. टेक्सासमध्ये मधुकर त्रिवेदी यांच्या गटानं २०१७ साली दाखवलं होतं की सीआरपी एकच्या खाली असलेल्यांना एकट्या एस्सिटालोप्राम या एसएसआरआय गोळीनं जास्त गुण येतो, तर एक किंवा त्यावर असलेल्यांना त्याच्या जोडीला बुप्रोपियॉन हे दुसऱ्या गटाचं औषध दिल्यावर. नैराश्याच्या काही रुग्णांत दाह हा खरा घटक आहे, असं मलाही वाटतं. या वाटेनं कधीतरी खरी चाचणी येईल ही माझी आशा आहे. पण सीआरपी शरीरातल्या कुठल्याही दाहानं वाढतं, आणि आबांच्या डाव्या टाचेला भेगेत पिकलेली जखम होती. फाइलमधल्या अकरा पानांत ती नव्हती. चप्पल काढायला लावल्यावर दिसली. जखमेवर उपचार झाल्यावर तीन आठवड्यांनी सीआरपी १.६ आलं. पहिल्या आकड्यावर मी दोन औषधं सुरू केली असती, तर ती अर्धी टाचेसाठी ठरली असती.

चौथा: जनुक चाचणी. एस्सिटालोप्राम आणि त्याच गटातलं सर्ट्रालिन यकृतात मुख्यतः सीवायपी-२सी-१९ या एन्झाइमनं मोडली जातात. ते एन्झाइम मंद असलेल्या माणसांत औषध साठतं, वेगवान असलेल्यांत टिकत नाही. हे विज्ञान पक्कं आहे, डोस ठरवायला उपयोगीही आहे. पण आधीच चाचणी करून औषध दिल्यानं माणसं जास्त बरी होतात का? अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार माजी सैनिकांवरचा मोठा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात न जुळणारी औषधं कमी लिहिली गेली, पण पूर्ण बरं होण्यातला फरक थोडाच होता आणि २४ आठवड्यांनी तोही उरला नव्हता. मी मुलाला म्हटलं, पैसे ठेव. पहिली दोन औषधं लागू पडली नाहीत, किंवा छोट्या डोसालाच त्रास झाला, तर करू.

पहिली भेट आणि दोन चुका

घाईत दिलेलं उत्तर असं होतं: ‘हे रिपोर्ट जरा बाजूला ठेवा.’ आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ज्या वाक्याच्या आधारानं तो माणूस चारचौघांत उभा होता, तेच मी काढून घेतलं होतं.

दुसरी चूक जास्त गंभीर. आमच्याकडे बाहेर बसल्या बसल्या पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतात. नऊ प्रश्न, एकूण गुण २७. आबांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, म्हणून प्रश्न मुलानं वाचले आणि उत्तरांवर खुणा त्यानंच केल्या. बेरीज ११, म्हणजे मध्यम. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्यापुढे शून्य. मी तो कागद पाहिला, शून्य पाहिला आणि पुढे गेले. एस्सिटालोप्राम लिहिलं आणि दोन आठवड्यांनी बोलावलं.

प्रयोगशाळेच्या आकड्यांवर मी मुलाला अर्धा तास समजावलं, आणि माझ्याच टेबलावरच्या आकड्याला एकही प्रश्न विचारला नाही. कुठला बाप पोटच्या पोराला, तोंडासमोर, त्या प्रश्नाचं खरं उत्तर देईल?

नवव्या दिवशी पत्नीचा फोन आला. आबा रात्री उठून बागेच्या शेडकडे जाऊन बसतात, असं त्या म्हणाल्या. मी त्याच दुपारी बोलावलं. यावेळी मुलाला बाहेर बसवलं, दार लावलं आणि प्रश्न स्वतः मराठीत, साध्या शब्दांत विचारले. बेरीज १९, म्हणजे बरंच तीव्र. नवव्या प्रश्नाला ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘रोज येतो विचार. आधी उठायला ताकद नव्हती, आता हाय.’

इंजेक्शनांनी बळ आलं होतं, मन तिथंच होतं. उपचारातला हा टप्पा धोक्याचा असतो हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना दोन आठवड्यांची तारीख दिली होती.

प्रत्यक्ष काय केलं

त्या दुपारी दोन वाटा होत्या: स्वेच्छेनं दाखल होणं, किंवा घरी कडक देखरेख. आबा दाखल व्हायला तयार नव्हते. ठरवलेला बेत नव्हता, दारूचं व्यसन नव्हतं, घर माणसांनी भरलेलं होतं आणि ते माझ्याशी खरं बोलले होते. म्हणून घरी ठेवायचं ठरलं, पण अटींवर. फवारणीची सगळी औषधं त्याच संध्याकाळी भावानं हलवून दुसऱ्या घरी कुलपात ठेवली. रात्री कुणीतरी शेजारी झोपायचं. गोळ्या पत्नीच्या ताब्यात. दर तिसऱ्या दिवशी भेट किंवा फोन. आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी चिकटवला.

मुलाला काय सांगायचं हे आबांना विचारूनच ठरवलं. ‘तुम्हीच सांगा,’ ते म्हणाले. तो रडला. मग त्यानं विचारलं, ‘रिपोर्टात हे का नाही आलं?’ मी सांगितलं की अशी चाचणी आज जगात कुठंही रोजच्या वापरात नाही, आणि उद्या आली तरी हा प्रश्न तोंडानंच विचारावा लागेल.

या वेळी मी फाइल बाजूला ठेवली नाही. आबांना म्हटलं, ‘तुमचं बी-१२ कमी होतं हे खरंच आहे, त्याची इंजेक्शनं चालू ठेवायची. आणि नैराश्य हे दुसरं दुखणं आहे. वेलीला एकाच वेळी खत कमी पडतं आणि डाऊनीही येतो. खत घातलं म्हणून डाऊनी जात नाही.’ ते पहिल्यांदा थोडं हसले. ‘डाऊनीला वेगळी फवारणी,’ म्हणाले.

एस्सिटालोप्राम पाच मिलिग्रॅमवरून दहावर नेलं. दोन आठवड्यांनी सोडियम तपासलं, कारण या गटाच्या औषधांनी ते उतरू शकतं, विशेषतः वाढत्या वयात. ते १३६ आलं. मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारं एचबीए१सी पाहिलं, मधुमेहाच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. औषधाइतकाच वेळ दुसऱ्या कामाला दिला: रोज बागेत फक्त दोन ओळी चालून यायचं, संध्याकाळी पत्नीबरोबर हरिपाठाचे दोनच अभंग. भावानं सोसायटीत जाऊन हप्ते बांधून घेतले. त्याचं श्रेय मला नाही, पण गुण येण्यात त्याचा वाटा मोठा होता.

परिणाम

चार आठवड्यांनी पीएचक्यू १४. नववा प्रश्न एकवर. झोप सुधारली, भूक नाही. मुलानं जनुक चाचणीचा विषय पुन्हा काढला. त्रास काही नव्हता आणि सुधारणा सुरू झाली होती, म्हणून थांबलो. आठव्या आठवड्यात टीएसएच ४.९, थायरॉइडची गोळी न घेता. ऑक्टोबरात फळछाटणीला आबा बागेत उभे राहिले, कात्री हातात घेतली नाही, पण मजुरांना सूचना दिल्या. बाराव्या आठवड्यात पीएचक्यू ७, नववा प्रश्न शून्य. दार लावून, मी विचारलेला शून्य.

पुढच्या आषाढात दिंडीबरोबर ते चार मुक्काम चालले, उरलेली वाट सामानाच्या टेम्पोत बसून गेले.

वेगळं काय करता आलं असतं

मेटफॉर्मिन सहा वर्षं चालू असलेल्या शाकाहारी माणसाचं बी-१२ आधीच कधीतरी तपासायला हवं होतं. ते झालं असतं तर ती कमतरता नैराश्याबरोबर एकाच दिवशी ‘सापडली’ नसती आणि तिच्यावर सगळा भार आला नसता. कॅप्सूल लिहिताना गळ्यातली माळ बघायला हवी होती.

उदासी घेऊन आलेल्या माणसाचं रक्त तपासणं चूक नाही. मीही हिमोग्राम, टीएसएच, बी-१२, साखर, क्रिएटिनिन, सोडियम करतेच. ती चाचणी नैराश्य शोधायला नसते. नैराश्यासारखं दिसणारं दुसरं काही आहे का, सोबत आणखी काही आहे का, आणि द्यायचं औषध सोसेल का, हे पाहायला असते. लिथियमसारख्या औषधात तर रक्तातली पातळी मोजल्याशिवाय उपचारच करता येत नाहीत. पण सेरोटोनिनचा आकडा छापून ‘मूड’च्या नावानं विकणं मला गैर वाटतं. साडेसहा हजारांपेक्षा जून ते ऑगस्ट हे हातचे गेलेले दिवस महाग होते.

आणि माझ्या बाजूनं: पीएचक्यू आता आमच्याकडे नातेवाइकांना भरू देत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आमची परिचारिका वेगळ्या खोलीत विचारते. नववा प्रश्न मी पुन्हा स्वतः विचारते, उत्तर शून्य असलं तरी. पहिल्या भेटीत ‘रिपोर्ट बाजूला ठेवा’ असंही म्हणत नाही, प्रत्येक लाल आकड्याचा अर्थ सांगते. वेळ जातो, रांग लांबते.

एक निर्णय अजून बाकी आहे. गोळी कधी थांबवायची हे सांगणारी रक्ताची चाचणी नाही. लक्षणं जाऊन नऊ महिने होत आले, एरवी मी आता डोस उतरवायला सुरुवात केली असती. आबांनीच थांबायला सांगितलं आहे. फळछाटणी पार पडू दे, घड सुटू देत, नोव्हेंबरचा पाऊस जाऊ दे, मग बघू, असं आमचं दोघांचं ठरलं आहे.